उजेड धरणारा हात

मी दहा वर्षांची असताना घरातला बंद पडलेला रेडिओ उघडून बसले होते. त्याच्या मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढून मी ते एका वाटीत ठेवले होते आणि आतल्या तारांच्या गुंत्याकडे बघताना आपण मोठे काहीतरी बिघडवून ठेवले आहे, या भीतीने पोटात गोळा आला होता. तेवढ्यात बाबा आले. ते हिशेब लिहिण्याचे काम करत असत आणि रेडिओच्या आत काय असते, याची त्यांना काडीमात्र माहिती नव्हती. ते रागावले नाहीत आणि त्यांनी कौतुकही केले नाही. आतून टॉर्च आणून ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले, उजेड तारांवर धरला आणि विचारले, "ही लाल तार कुठून कुठे जाते गं?"

तो रेडिओ दुरुस्त झाला नाही, पण त्या संध्याकाळी मी त्यांना एकेक भाग दाखवत माझ्या तर्काने समजावत होते आणि ते खरोखर ऐकत होते. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि आजही त्याच क्षेत्रात काम करते. या प्रवासात मला मिळालेले प्रोत्साहन कोणते, असा विचार करू लागले की एकही शाबासकी आठवत नाही. आठवतो तो न कंटाळता धरलेला टॉर्च.

विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंच्या बालपणाविषयी वाचताना मला म्हणूनच फार जवळचे वाटले. 1878 साली त्यांचे वडील मिल्टन राइट यांनी प्रवासाहून परत येताना मुलांसाठी कागद, बांबू आणि बूच यांचे, रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणले. तेव्हा विल्बर 11 वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल 7 वर्षांचा. ते मोडल्यावर मुलांनी तसेच खेळणे स्वतः बनवायला घेतले. वडील धर्मोपदेशक होते आणि यंत्रांत त्यांना विशेष गती नव्हती; ती होती आई सुसान यांच्याकडे. घरात लागणाऱ्या लहानसहान वस्तू त्या स्वतः तयार करत आणि काही अडले की मुले त्यांच्याकडेच जात. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांच्या विमानाने 12 सेकंदांचे पहिले उड्डाण केले, तेव्हा सुसान यांना जाऊन 14 वर्षे झाली होती. मिल्टन मात्र 1910 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, ऑर्व्हिलच्या शेजारी विमानात बसले आणि "अजून वर, ऑर्व्हिल, अजून वर!" असे म्हणाले. मुलाच्या स्वप्नात पाहुणा म्हणून बसण्याचे हे भाग्य ज्या आईवडिलांना लाभते, त्यांनी ते स्वप्न कधीतरी पूर्णपणे मुलाच्या हाती सोपवलेले असते, असे मला मनापासून वाटते.

हे सोपवणे किती अवघड आहे, ते मला स्वतः आई झाल्यावर कळले. माझ्या मुलीला चित्रकार व्हायचे आहे. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून तिचे प्रत्येक चित्र हातात घेऊन "किती हुशार आहेस गं!" असे मी भरभरून म्हणत आले आणि आपण आईचे कर्तव्य चोख पार पाडत आहोत, अशी माझी समजूत होती. एके दिवशी तिची वही चाळताना लक्षात आले की तिच्या चित्रांतल्या एकाही माणसाला हात दिसत नाहीत. कोणाचे हात पाठीमागे होते, कोणाचे खिशात, तर कोणी छातीशी मोठे पुस्तक धरून उभे होते. विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला बोटं जमत नाहीत. वाईट आली तर तुला वाटेल, मी हुशार नाही."

त्या वाक्याने मी हादरले. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते. पाचवीच्या वयाच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींच्या बुद्धीचे आणि काहींच्या मेहनतीचे कौतुक करण्यात आले. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर पहिल्या गटातली मुले लवकर हिरमुसली आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी आली, तरी त्यांची कामगिरी घसरली. बुद्धीची शाबासकी मिळालेल्या मुलाला ती गमावण्याची धास्ती असते, त्यामुळे ते जमणाऱ्या गोष्टींच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही. बक्षिसाचेही तसेच आहे: 1973 सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिलेली बालवाडीतली मुले काही दिवसांनी आपणहून चित्रे काढण्यात पूर्वीपेक्षा बराच कमी वेळ घालवू लागली होती. याचा अर्थ कौतुकच करू नये असा मी घेत नाही. मुलाला आपले प्रेम दिसलेच पाहिजे, फक्त ते चित्राच्या बरेवाईटपणावर टांगलेले नसावे.

शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी वादक, शिल्पकार, जलतरणपटू, गणितज्ञ अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत शिखर गाठलेल्या 120 जणांच्या घडणीचा अभ्यास केला होता. त्यांच्या मुलाखतींतून दिसते की यांपैकी बहुतेकांचे सुरुवातीचे शिक्षक त्या विषयातले दिग्गज नव्हते. ते प्रेमळ होते आणि शिकण्याची गोडी लावणारे होते. घरच्यांची सोबत तर वर्षानुवर्षे टिकली होती. मला यातला वर्षानुवर्षे हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उत्साहाच्या भरात एखादा दिवस पाठीशी उभे राहणे कोणालाही जमते; मुलाचे तेच काम शंभराव्यांदा फसते, त्या दिवशी शेजारी बसणे कठीण असते.

त्या संध्याकाळी मी मुलीला धीराचे चार शब्द सांगितले नाहीत. टेबलावरचा दिवा जवळ ओढला, माझा डावा हात उजेडात ठेवला आणि म्हटले, "याचं काढ. मला कुठे जायची घाई नाही." पहिला हात पंजासारखा आला, दुसऱ्याला सहावे बोट फुटले. तिने चौथ्यांदा अंगठा खोडला, जीभ दातांत धरून पुन्हा रेघ ओढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, हात हलवू नकोस ना."