ओपन म्हणजे बंद! इलेक्ट्रिशियन ट्रेड आणि माझं इंग्लिश (माझा अनुभव)

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, घरचा ऊस, त्यामुळं आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नंबर लागायच्या आधीपासूनच मी स्टार्टर खोलायचो, फ्यूज बांधायचो, रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला नदीवर जायचो. मला वाटायचं ह्या धंद्यातलं इंग्लिश आपल्याला येतंच की. फेज, न्यूट्रल, लोड, करंट, सगळं इंग्लिशच तर आहे. आणि काहीही बिघडलं तर एकच शब्द, ‘शॉर्ट झालंय’. वायर तुटली तरी शॉर्ट, मोटर जळली तरी शॉर्ट, नुसता स्विच खराब झाला तरी शॉर्ट.

कोल्हापुरात आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं की आपल्याला घंटा काय येत नाही. दहावीला मराठी मीडियममधनं रोध, विद्युतधारा, विभवांतर असं पाठ केलेलं, गावात वायरमनची भाषा वेगळी, आणि आता पुस्तक इंग्लिशमधलं. खरं सांगतो, रोध आणि रेझिस्टन्स ही एकच गोष्ट आहे हे मला दोन महिन्यांनी कळलं. मोबाईलवर पोटेन्शियल डिफरन्स (म्हणजे आपलं विभवांतरच) टाकलं तर ‘संभाव्य फरक’ आलं, आता ह्याचं काय करायचं सांगा. सर म्हणायचे, मीटरवर इंग्लिश, पॅनलवर इंग्लिश, कंपनीतल्या ड्रॉइंगवर इंग्लिश, तेव्हा रडत बसू नका, आत्ताच शिका. म्हणून आमच्या प्रॅक्टिकलच्या शीट ते मुद्दाम इंग्लिशमधनं द्यायचे.

पहिली शीट ओहमच्या नियमाची. बॅटरी, रेझिस्टन्स, अँमीटर (करंट मोजायचा मीटर), स्विच. त्यात लिहिलेलं, ‘क्लोज द स्विच अँड नोट द रीडिंग’. मी क्लोज म्हणजे बंद म्हणून स्विच बंद केला, काटा शून्यावर, लिहिलं शून्य. पुढचं व्होल्टेज, परत क्लोज, परत शून्य. अशी पाचही घरं शून्यानं भरली आणि ग्राफ कसा काढायचा म्हणून सरांकडं गेलो. सर शीटकडं बघून म्हणाले, “दुकान बंद केलंस व्हय रे?” सगळी पोरं हसली. मग कळलं की सर्किट क्लोज म्हणजे तार तारेला भिडली, वाट पुरी झाली, करंट चालू. ओपन म्हणजे वाट तुटली, करंट बंद. आपल्याकडं नळ उघडला की पाणी येतं आणि ह्यांच्यात सर्किट उघडलं की करंट जातो, सगळं उलटं. ह्या एका शब्दानं मला वर्षभर छळलं, अजून पण कधीकधी क्लोज वाचलं की हात आधी ऑफकडं जातो.

त्यानंतर मी स्वतःचा मल्टिमीटर घेतला (व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स सगळं मोजायचा मीटर), तो पिवळा स्वस्तातला, डीटी ८३०. खोलीवर नुसता सुटलो, दिसेल ते मोजायचं. घरमालकीण मावशींचा पाणी तापवायचा हीटर बंद पडलेला, त्याच्या दोन पिनांना प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) लावले तर स्क्रीनवर डावीकडं नुसता ‘१’. मी रुबाबात सांगितलं, मावशी एक ओहम दाखवतंय, कॉइल चांगली आहे, बटणात फॉल्ट असणार. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर म्हणाले, भावा, १००० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर साधारण ५३ ओहम यायला पाहिजेत, खरंच एक ओहम असता तर २३० अँपियर ओढला असता त्यानं, गल्लीची लाईट घालवली असती. तो डावीकडचा एक म्हणजे आकडाच नाही, ‘ओव्हर रेंज’, मीटरच्या आवाक्याबाहेर. म्हणजे कॉइल तुटलेली, ओपन. मीटरच्या डब्यात कागद होता त्यात हे लिहिलेलं होतं पण तो मी वाचलाच नव्हता, बारीक अक्षरातलं इंग्लिश कोण वाचतंय.

ते न वाचल्याची किंमत पुढच्याच आठवड्यात मोजली. बाईकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब बॅटरीवर लावून त्याचा करंट मोजत होतो. लाल लीड काढून १० अँपियर लिहिलेल्या भोकात घातली, मीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, ०.८ अँपियरच्या आसपास आला, हिशोब जुळला, एकदम खूश. त्याच खुशीत म्हटलं आता घरातलं व्होल्टेज बघू. नॉब फिरवून एसी ७५० वर नेला, लीड मात्र तशीच राहिली, आणि दोन्ही प्रोब सॉकेटमध्ये घातले. फट्! डोळ्यांपुढं निळा उजेड, खोली अंधारात, आणि खालून मावशींचा आवाज, “काय केलंस रं?” एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडली म्हणून निभावलं. लाल प्रोबचं टोक वितळून गोळी झालेली, सॉकेटभोवती काळा डाग.

आता गंमत अशी की त्या भोकाशेजारी ‘अनफ्युज्ड’ असं छापलेलं होतं. मी ते रोज बघत होतो आणि फ्यूज एवढंच वाचून म्हणत होतो चला, फ्यूज आहे म्हणजे सेफ आहे. सर म्हणाले ‘अन’ म्हणजे नाही, ह्या भोकाला फ्यूज नाही. करंट मोजायच्या भोकात आत जवळजवळ नुसती जाड तार असते, नॉब कुठंही असू दे. ती सॉकेटला लावली म्हणजे फेज-न्यूट्रल तारेनं जोडल्यासारखंच. तेव्हापासून काहीही मोजायच्या आधी मी लीड कुठल्या भोकात आहे ते बोटानं चाचपून बघतो, मग नॉब, मग प्रोब.

थ्रू आणि अक्रॉसचा घोळ पण तिथंच सुटला. पुस्तकात सारखं ‘करंट थ्रू’ आणि ‘व्होल्टेज अक्रॉस’. मी दोन्हीचा अर्थ ‘तिथला’ असाच धरायचो. सरांनी विचारलं, गावाला बंधारा आहे ना? आहे की, कोल्हापुरी बंधारा, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचा. मग सांग, पाणी बंधाऱ्यातनं जातं ते थ्रू, आणि बंधाऱ्याच्या ह्या अंगाला पाणी किती उंच, त्या अंगाला किती, तो फरक म्हणजे अक्रॉस. वाहतं ते मोजायला वाटेत बसावं लागतं म्हणून अँमीटर सिरीजमध्ये, फरक मोजायला दोन्ही अंगांना हात लावायचा म्हणून व्होल्टमीटर पॅरलल. लहानपणापासनं पावसाळा सरला की बर्गे घालताना बघितलेत, त्यामुळं हे जे डोक्यात बसलं ते बसलंच.

मग वही केली. अर्थ लिहायचा नाही, हातानं काय करायचं ते लिहायचं. क्लोज – चालू कर. अक्रॉस – दोन्ही टोकांना प्रोब. डेड – सप्लाय काढ आणि मोजून खात्री कर, मगच ओहम रेंज. अवघड दिसलं की शब्द सोडून द्यायची सवय मात्र लवकर गेली नाही. १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स गणितानं ५२९ ओहम आला आणि मीटरवर ४० च्या आसपास, तर मी अर्धा दिवस मीटरला शिव्या घातल्या. पुस्तकात ‘व्हेन हॉट’ असं स्पष्ट लिहिलेलं. फिलामेंट थंड असताना रेझिस्टन्स कमी, पेटून पांढरीफेक झाली की कितीतरी पटीनं वाढतो. हीटरच्या कॉइलला एवढा फरक पडत नाही, म्हणून तिथं गणित जुळतं.

अप्रेंटिसचा इंटरव्ह्यू शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत झाला. साहेबांनी कागदावर बल्ब आणि स्विच काढला आणि विचारलं, “लॅम्प ऑफ, स्विच ओपन, सप्लाय ओके. व्होल्टेज अक्रॉस द स्विच?” माझ्या आधीची दोन पोरं झीरो सांगून आलेली. मला बर्गे घातलेला बंधारा दिसला, पाणी वाहत नाही पण दोन अंगांतला फरक पुरा. म्हटलं, टू थर्टी. “व्हाय?” इथं घाम फुटला. नो करंट थ्रू लॅम्प, नो ड्रॉप अक्रॉस लॅम्प (बल्बमधनं करंट नाही, म्हणून बल्बच्या दोन टोकांत फरक नाही), एवढं कसंबसं आलं, पुढं गाडी अडकली. “मराठीत सांग की.” मग बंधारा सांगितला. साहेब हसले, म्हणाले, कुठल्या गावचा रे तू?

घेतलं. पहिले पंधरा दिवस पॅनलवरची धूळ पुसायचं काम होतं, पण मी पाट्या वाचत पुसायचो. एकावर होतं, ‘आयसोलेट बिफोर ओपनिंग’. मी दोन मिनिटं विचार करत उभा, की आयसोलेट केलं, म्हणजे सप्लाय तोडला, म्हणजे ओपन झालंच की, परत ओपन काय करायचं? शेजारचा जुना वायरमन म्हणाला, “आरं दार, दार उघडायच्या आधी.”