पडून राहिलेला ३०४टीएल व्हॉल्व्ह कामाला लावताना

कॅलिफोर्नियातील एका वृद्ध हॅम (हौशी रेडिओचालक) गृहस्थांकडून आयमॅक कंपनीचा ३०४टीएल हा युद्धकालीन व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा प्रवाह नियंत्रित करणारी काचेची निर्वात नळी, मला मिळाला, तेव्हा तो कामातून गेला असावा असे त्यांचे मत होते. मला ते पटले नाही, कारण आयमॅकने या व्हॉल्व्हमधला उरलासुरला वायू शोषून घेण्याचे काम टँटलम धातूच्या प्लेटवरच (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पट्टीवर) सोपवले होते. प्लेट तापून लाल झाली की ती वायू शोषते; व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे थंड राहिला, तर वायू मात्र साचत जातो.

एका काचेत चार ट्रायोड (इलेक्ट्रॉन सोडणारी तापती तार म्हणजे फिलामेंट, त्यांचा प्रवाह आवरणारी जाळी म्हणजे ग्रिड आणि प्लेट अशा तीन भागांचे संच) समांतर जोडलेल्या या व्हॉल्व्हची प्लेट ३०० वॉट उष्णता सोसते. रडारच्या मॉड्युलेटरमध्ये (प्रक्षेपकाला विजेचे स्पंद पुरवणाऱ्या भागात) ही जात वापरली गेली. कारखान्यांतले व्हॉल्व्ह याहून कितीतरी मोठे असत. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर कथिलाची टंचाई वाढली, तेव्हा अमेरिकेत पोलादी पत्र्यावर विजेने अगदी पातळ कथिल चढवले जाई आणि काही कारखान्यांत तो निस्तेज थर अशा मोठ्या व्हॉल्व्हच्या उच्च वारंवारतेच्या इंडक्शनने (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूतच उष्णता निर्माण करून) वितळवून चकचकीत केला जाई. डबाबंद अन्नामागची ही कामगिरी रडारइतकीच मोलाची आहे, असे मला मनापासून वाटते.

मी आधी फक्त फिलामेंट पेटवले. त्याला ५ व्होल्टला २५ अँपिअर लागतात. इतक्या प्रवाहात तारांमध्येही व्होल्टेज पडते, म्हणून मोजमाप थेट पिनांवर केले आणि पंख्याचा वारा काचेच्या सांध्यांवर सोडून त्याला बराच वेळ तसेच राहू दिले. त्यानंतर ग्रिडला ऋण व्होल्टेज देऊन ग्रिडच्या वाटेत मायक्रोअँपिअर मीटर घातला आणि प्लेटला मोठ्या रोधातून कमी व्होल्टेज दिले. व्हॉल्व्हमध्ये वायू असेल, तर त्याचे धन आयन ग्रिडकडे ओढले जातात आणि मीटरवर उलटा प्रवाह दिसतो. तो दिसलाच.

मग व्होल्टेज न वाढवता, ग्रिडचे ऋण व्होल्टेज हळूहळू कमी करून, प्लेट लाल होईपर्यंत प्रवाह वाढवला. प्लेट लाल ठेवून मधूनमधून ग्रिड पुन्हा पूर्ण ऋण करून पाहिले, तेव्हा उलटा प्रवाह दर खेपेस घटलेला दिसे. तो घटल्याशिवाय प्लेटचे व्होल्टेज पुढच्या पायरीवर नेले नाही. प्रत्येक जोडणी बदलण्यापूर्वी वीज तोडून कपॅसिटर जमिनीला जोडलेल्या दांडीने रिकामे केले, कारण इतक्या व्होल्टेजला दुसरी संधी नसते. आता तो २००० व्होल्टवर स्थिर चालतो.