टपाल तिकिटांचा विषयवार संग्रह ‘अमेरिकेतील गुलामगिरीचा अंत’ : पाने पाच ते नऊ

या महिन्यात पाने पाच ते नऊ लावून झाली. मात्र त्यासाठी आधी पूर्ण केलेली दोन पाने मला मोडावी लागली. जुन्या मांडणीत १८५० च्या, पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवायला लावणाऱ्या कायद्यानंतर थेट लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्ती-जाहीरनामा येत असे आणि तेथेच विषय संपत असे. त्यामुळे त्या एका कागदाने सारे गुलाम मुक्त झाले, असा पाहणाऱ्याचा समज होई. वास्तविक तो जाहीरनामा यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर प्रदेशांपुरताच होता. संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी या राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. पुढे मेरीलँड आणि मिसूरी यांनी स्वतःहून ही प्रथा बंद केली, तर केंटकी आणि डेलावेअर येथील उरलेले गुलाम कायद्याने मोकळे झाले ते ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जिया राज्याच्या संमतीने गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली तेव्हा. म्हणून जाहीरनामा आणि दुरुस्ती यांना आता स्वतंत्र पाने दिली आहेत.

दुरुस्तीच्या पानावर २० ऑक्टोबर १९४० चे तीन सेंटचे जांभळे तिकीट आहे, आणि सर्वांत अधिक वेळ मी त्याच्यापाशीच घालवला. दुरुस्तीच्या पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त काढलेल्या या तिकिटावर थॉमस बॉल यांनी घडवलेले वॉशिंग्टनमधील शिल्प आहे: लिंकन उभे आहेत आणि तुटलेल्या बेड्यांसह एक कृष्णवर्णीय पुरुष त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसला आहे. त्या पुरुषाचा चेहरा मिसूरीतील गुलामीतून निसटलेल्या आर्चर अलेक्झांडर यांच्यावरून घडवलेला आहे. लिंकन यांच्या हत्येची बातमी ऐकून शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या स्त्रीने पाच डॉलर दिले आणि त्यातून स्मारकाचा निधी सुरू झाला. पैसा मुक्त झालेल्या लोकांचा होता, पण शिल्प कसे असावे हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते. १४ एप्रिल १८७६ रोजी अनावरणाच्या वेळी मुख्य भाषण करणारे, स्वतः गुलामीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी काही दिवसांतच वृत्तपत्राला पत्र लिहून, गुडघ्यावर नव्हे तर स्वतःच्या पायांवर ताठ उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय माणसाचे स्मारक पाहण्याची इच्छा व्यक्त केली होती. त्यामुळे डग्लस यांचे १९६७ चे पंचवीस सेंटचे तिकीट मी व्यक्तींच्या पानावरून काढून समोरच्या पानावर याच उंचीवर लावले आहे.

जाहीरनाम्याच्या शताब्दीचे १९६३ चे पाच सेंटचे तिकीट त्यानंतर पाहिले म्हणजे तेवीस वर्षांत काय बदलले ते लक्षात येते. त्यावर लिंकन नाहीत, गुडघे टेकलेला माणूस नाही, केवळ तुटलेली जाड साखळी आहे. ते रेखाटणारे जॉर्ज ओल्डन हे अमेरिकेचे टपाल तिकीट रेखाटणारे पहिले कृष्णवर्णीय चित्रकार होते. या पानावरचा मजकूर मी दोन ओळींचाच ठेवला आहे. तिकिटाला अधिक आधाराची गरज नाही.

हॅरिएट टबमन यांचे १९७८ चे तेरा सेंटचे तिकीट पान नऊवर आले. १८४९ मध्ये मेरीलँडमधून स्वतः निसटून, पुन्हा पुन्हा परत जाऊन त्यांनी सुमारे सत्तर जणांना बाहेर काढले.

आता पान दहा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यासाठी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते; त्यामुळे भारतीय टपाल खात्याचे १९७७ चे फुले यांचे तिकीट येथे हक्काने बसते. त्याच्या शेजारी लिंकन यांच्यावरील १९६५ चे भारतीय तिकीट लावायचे आहे. माझ्याजवळच्या प्रतीच्या कडेचे दोन दात तुटलेले आहेत, म्हणून चांगली प्रत मिळेपर्यंत ती चौकट रिकामी ठेवली आहे.