काजळीवरची फुले

शनिवार, १३ जून

पोलंडमधल्या क्राकूफमध्ये राहायला येऊन चार वर्षे होत आली, तरी झालिप्येला जाणे आज पहिल्यांदा घडले. तार्नुफ शहराच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर, सपाट शेतजमिनीत वसलेले हे गाव भिंतींवर रंगवलेल्या फुलांसाठी ओळखले जाते. छायाचित्रे पाहून मी एखाद्या रंगीत गल्लीची कल्पना केली होती. प्रत्यक्षात घरे शेतांमधून लांब लांब विखुरलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी साधीच आहेत. पहिला अर्धा तास माझा थोडा हिरमोडच झाला. नंतर मात्र एका कुंपणाआड फुले रंगवलेले कुत्र्याचे घर दिसले, आणि त्यात अगदी साधा, धुळीने माखलेला कुत्रा झोपला होता.

या चित्रांचा उगम सौंदर्यात नव्हे, धुरात आहे. जुन्या घरांना धुराडे नसे. चुलीचा धूर घरभर फिरून छपरातल्या भोकातून बाहेर पडे आणि भिंती काळ्याकुट्ट होत. सणाच्या आधी बायका चुन्याच्या निवळीने भिंती उजळत, आणि जिथे काजळी दाबता येत नसे तिथे गवताच्या कुंच्याने पांढरे ठिपके मारत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धुराड्याच्या चुली आल्या, भिंती पांढऱ्या राहू लागल्या, आणि ज्या हातांना डाग झाकायची सवय लागली होती त्यांना झाकायला काही उरले नाही. ठिपक्यांची फुले झाली ती तेव्हापासून. आधीचे रंग काजळी, चिकणमाती आणि चुना यांचेच होते. बाजारातली रंगाची भुकटी नंतरची. गाईच्या किंवा घोड्याच्या केसांचे कुंचले आणि टोक चावून मऊ केलेल्या काड्या एवढीच काय ती साधने. काडी चावून कुंचला करणे आपल्या वारली बायकांनाही ठाऊक आहे, हे आठवून मला उगाचच ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

दुपारचा बहुतेक वेळ याच गावच्या चित्रकार फेलित्स्या त्सुरिवोवा (१९०४–१९७४) यांच्या घरात गेला. त्यांच्या निधनानंतर या घराचे संग्रहालय झाले. रोजच्या वापराची खोली वेगळी आणि पाहुण्यांसाठी, सणासुदीसाठी राखलेली 'पांढरी खोली' वेगळी. छताला गवताच्या काड्या आणि रंगीत कागद ओवून केलेली झुंबरे टांगलेली आहेत. पोलिश लोक त्यांना 'पायोंक', म्हणजे कोळी, म्हणतात. चुलीचा एक कोपराही कोरा नाही. इतकी फुले एकाच खोलीत पाहून मला जरा दडपल्यासारखे झाले, हे इथे लिहायला हरकत नाही.

रंगवलेल्या घरांची स्पर्धा १९४८ मध्ये, युद्धाने होरपळलेल्या गावांत पहिल्यांदा भरली आणि १९६५ पासून ती दरवर्षी होत आली आहे. ती कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणानंतरच्या शनिवार-रविवारी असते; यंदाची गेल्याच आठवड्यात होऊन गेली. पाहुण्यांसाठी आणि बक्षिसासाठी रंगवलेले गाव खरे कसे मानावे, असा प्रश्न मी मनात घेऊन गेले होते. तो एका आजींनी मोडीत काढला.

त्या विहिरीच्या कठड्यावर रंगकाम करत होत्या. पोलिशमध्ये बाईंना 'पानी' म्हणतात, आणि विहिरीपाशी उभे राहून त्यांना 'पानी, पानी' अशी हाक मारताना मला हसू आवरेना. त्या आधी पिवळा ठिपका टेकवत, मग त्याच्या भोवती कुंचला एकेकदा दाबून उचलत. प्रत्येक दाबात एक पाकळी. पेन्सिलीची रेघ कुठेच नव्हती. स्पर्धा तर झाली, मग आता कशासाठी, असे मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारले. त्यांनी कठड्याच्या उत्तरेकडच्या बाजूकडे बोट दाखवले. तिथे ओलीने जुना रंग सुटून हिरवट डाग पडला होता.

त्या डागावर त्यांनी आधी चुना लावला, आणि तो सुकेपर्यंत आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो.