आमच्या एमएम ५४०चा क्लच आणि फ्लायव्हील: माझा अनुभव

महाडकडून वरंधा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकदम वाढला, गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला, आणि पुढच्या वळणावर करपल्याचा वास आत आला, तेव्हा क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा आणि तोडणारा भाग, घसरतो आहे याबद्दल शंका उरली नाही. आमची गाडी १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोच्या रचनेचे २११२ सीसीचे एक्सडीपी डिझेल इंजिन असलेली, वडिलांनी घेतलेली आणि आजही दर पावसाळ्यात मावळातल्या चिखलात उतरणारी. घरी आल्यावर हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, चौथा गिअर टाकून क्लच सोडून पाहिला. क्लच ठीक असता तर इंजिन लगेच बंद पडले असते. ते बराच वेळ चालूच राहिले.

मला खटकत होते ते वेगळेच. क्लच प्लेट, म्हणजे क्लचमधली घर्षणाची चकती, केवळ अकरा हजार किलोमीटरांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेली होती. ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “प्लेट अशी आपोआप जळत नाही, दादा. तेल कुठून येतंय ते आधी बघू, मग सामान आणू.” या एका वाक्यामुळे आमच्या कामाचा क्रमच बदलला, कारण मी प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट विकत आणूनच त्यांच्याकडे जाणार होतो.

गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस एकत्र उतरवायचे असल्याने गाडी चार भक्कम स्टँडवर घेतली. चाकांकडे ताकद नेणाऱ्या दोन्ही प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) रंगाने खुणा केल्या, जेणेकरून ते पुन्हा त्याच स्थितीत बसतील. आतला पत्रा, लिव्हर, स्पीडोमीटरची केबल आणि क्रॉसमेंबर सुटायला अख्खा एक दिवस गेला. तीस वर्षांच्या गंजाने धरलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, तरी दोन बोल्ट तुटलेच.

क्लचभोवतीचे हाउसिंग (कवच) उघडल्यावर उत्तर समोर दिसले. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या जड चाकाच्या मागून, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) तेल अडवणाऱ्या मागच्या सीलपासून, इंजिनाचे काळे पातळ तेल बाहेरच्या दिशेने पसरले होते. गिअर ऑइल असते तर ते दाट असते, त्याला त्याचा तो उग्र गंधकाचा वास आला असता आणि ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून खाली आलेले दिसले असते. म्हणजे मागच्या वेळी प्लेट बदलली गेली, पण तिला भिजवणारे सील तसेच ठेवले गेले. इतके सगळे उतरवल्यावर त्या सीलपाशी पोहोचायला फक्त फ्लायव्हील काढणे बाकी असते, म्हणून याचे मला खरोखर वाईट वाटले. आतली धूळ आम्ही हवेच्या पाइपने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. क्लच प्लेटच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ श्वासात जाता कामा नये.

फ्लायव्हीलवर ठिकठिकाणी निळसर डाग आणि बारीक तडे होते. मी ते भोसरीला लेथवर नेले. टर्नरने सांगितले की निळे डाग म्हणजे उष्णतेने कडक झालेले बीड (ओतीव लोखंड) आहे, त्यावरून टर्निंगचे हत्यार उडते आणि तिथे उंचवटा राहतो, म्हणून ग्राइंडिंगच करावे लागेल. त्याने थोडेसे घासून पाहिले. डाग फिके झाले, तडे मात्र राहिले, आणि एक तडा बोल्टच्या छिद्राकडे सरकलेला स्पष्ट दिसला. “हे घासून मी परत देणार नाही,” तो म्हणाला. मला त्याचा निर्णय पूर्णपणे पटला. फिरता फिरता फुटलेले फ्लायव्हील हाउसिंग फोडून बाहेर येऊ शकते आणि चालकाचे पाय त्याच्या अगदी जवळ असतात. शिवाय फ्लायव्हीलच्या कडेवरच्या, स्टार्टर ज्यात अडकतो त्या रिंगचे दात समोरासमोर दोन जागी झिजलेले होते. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन स्थितींत थांबते आणि स्टार्टर नेमक्या त्याच दातांवर आदळत राहतो.

पुण्यातल्या नाना पेठेत नवे फ्लायव्हील मिळाले. जुने सोबत नेले होते, म्हणून छिद्रांची मांडणी, रिंगचे दात आणि जाडी तिथेच ताडून पाहता आली. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्लाइनचे (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दातही मोजून घेतले.

नवे सील मिस्त्रींनी जुन्याच्या जागेपेक्षा किंचित आत बसवले, कारण जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेने, क्रँकवर बारीक चर पाडला होता आणि नवा ओठ गुळगुळीत भागावर यायला हवा होता. क्रँकच्या टोकातले, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग काढण्याची त्यांची पद्धत मी कधीच विसरणार नाही. बेअरिंगच्या छिद्रात ग्रीस गच्च भरले, त्यात बरोबर बसेल असा गोल दांडा ठेवून हातोड्याने ठोकला, आणि मागे दाबल्या गेलेल्या ग्रीसनेच बेअरिंग बाहेर ढकलले.

फ्लायव्हीलचे नवे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले. त्याचा पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट थिनरने पुसून संरक्षक तेल काढले, आणि गिअरबॉक्सचा एक जुना इनपुट शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणली. गिअरबॉक्स चढवताना मिस्त्री एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा ओरडत होते: त्याचा भार क्षणभरही शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि हाउसिंग टेकत नसेल तर बोल्ट आवळून ते ओढायचे नाही. जॅकची उंची केसभर बदलत आम्ही दीड तास घालवला, आणि मग गिअरबॉक्स एका हलक्या धक्क्याने आत गेला.

पहिले पाचशे किलोमीटर ओझे नाही, घाट नाही, असे ठरले होते आणि ते मी पाळले. नंतर क्लच पेडलची मोकळी चाल पुन्हा एकदा जुळवली. हाउसिंगच्या तळाला तेल निथळण्यासाठी एक छिद्र असते, त्याच्या खाली मी रोज रात्री पुठ्ठ्याचा तुकडा ठेवतो. आज तीन महिने झाले, पुठ्ठा कोरडा आहे.