तारीख एक, दिवस दोन

दिनविशेष हे सदर पेपरात कुणालाच नको असतं. आजचे जन्म, आजचे मृत्यू, एखादा शोध, एखादी लढाई, एवढं जुळवलं की जागा भरली. ते माझ्याकडे आहे आणि खरं सांगायचं तर मला आवडतं. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, म्हणून त्या वेळी चक्क अर्धं पान मिळालं होतं.

दुपारी ऑफिसात पोचले तेव्हा पान जवळजवळ लागलेलं होतं. डावीकडे शेक्सपिअर, उजवीकडे ‘डॉन किहोते’ लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस, मध्ये मोठा मथळा: ‘एकाच दिवशी मावळले दोन सूर्य’. पुरवणीचे प्रमुख खूश होते.

“सर, हे दोघं एकाच दिवशी गेलेले नाहीत.”

“अगं, २३ एप्रिल १६१६. युनेस्कोने १९९५ मध्ये पुस्तक दिन ठरवला तोच या तारखेवरून.”

“तारखेवरून, बरोबर. पण स्पेनची तारीख वेगळी आणि इंग्लंडची वेगळी.”

आता पानं सोडायच्या वेळेला कॅलेंडरचा इतिहास कोण ऐकणार? पण सांगावा लागला. युरोपात तोवर चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरमधलं वर्ष सूर्याच्या हिशेबापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. साचत साचत फरक दहा दिवसांवर गेला, तेव्हा पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. कॅथलिक स्पेनने ते लगेच मानलं. इंग्लंड प्रॉटेस्टंट. पोपचं ऐकून आपल्या तारखा कशा बदलणार? त्यांनी १७५२ पर्यंत ताणलं. म्हणजे स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअर वारला तेव्हा तिथे २३ एप्रिल असला, तरी माद्रिदमध्ये ३ मे उजाडला होता.

शिवाय सर्व्हांतेस गेला २२ तारखेला, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. २३ हा दफनाचा दिवस. म्हणजे त्याच्यानंतर शेक्सपिअर आणखी अकरा दिवस जगला. मला तर हे मथळ्यातल्या योगायोगापेक्षा जास्त रंजक वाटतं. शेक्सपिअरची जन्मतारीखही २३ एप्रिल सांगतात, पण चर्चच्या दप्तरात नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची. जन्म आणि मृत्यू एकाच तारखेला बसवायचा मोह लोकांना आवरत नाही.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य तर दर जानेवारीला कुणीतरी पाठवतंच. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ हा इटलीच्या, म्हणजे नव्या कॅलेंडरचा. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडच्या जुन्या. एकाच मापाने मोजलं तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. हे कळवलं की समोरून एक हसरा चेहरा येतो. पुढच्या जानेवारीत पुन्हा तोच निरोप.

आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी हे सगळं ऐकत होती. म्हणाली, “ताई, मग खरोखर एकाच दिवशी गेलेले कुणी आहेत की नाही?”

आहेत ना. ४ जुलै १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स, दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, काही तासांच्या अंतराने वारले. एक व्हर्जिनियात, एक मॅसॅच्युसेट्समध्ये. बातमी घोड्यावरून जायची, त्यामुळे अ‍ॅडम्सला जेफरसन गेल्याचं कळलंच नाही. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, जेम्स मन्रो, तोही ४ जुलैलाच गेला. इथे शंकेला जागा नाही.

दुसरं उदाहरण दिलं २२ नोव्हेंबर १९६३ चं. केनेडींची हत्या, आणि त्याच दिवशी सी. एस. लुईस आणि ऑल्डस हक्स्ली हे दोन लेखक गेले. केनेडींच्या बातमीखाली दोघेही पार झाकले गेले. पोरगी हुशार. तिने लगेच घड्याळं मांडली. डॅलसमध्ये गोळ्या सुटल्या दुपारी साडेबाराला, म्हणजे भारतात रात्रीचे बारा. अर्ध्या तासाने केनेडींना मृत घोषित केलं, तेव्हा इथे २३ नोव्हेंबर लागलेला होता. हक्स्ली लॉस एंजेलिसला संध्याकाळी गेला. त्याच्या जन्मभूमीत, इंग्लंडमध्ये, तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. “म्हणजे हेही एकाच दिवशी नाहीत!”

“एवढं ताणू नकोस,” मी म्हटलं. माणूस गेला तिथली तारीख धरायची, हा आमचा साधा नियम आहे, आणि विमानयुगात तो पुरतो. कॅलेंडरच वेगळं असेल तिथे मात्र खुलासा द्यायलाच हवा.

सर शेवटी वैतागून म्हणाले, “मथळा बदल, पण फोटो राहू देत.” मथळा झाला ‘तारीख एक, दिवस दोन’. खाली कॅलेंडरची चौकट टाकली, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत वर्डस्वर्थ (१८५०) आणि सत्यजित राय (१९९२) बसवले. ते दोघे २३ एप्रिललाच गेले, आणि त्यांच्यासाठी खुलासा लिहावा लागला नाही.