जुन्या टाटा मर्सिडीजच्या आरशाची काच

आमच्या काकांचा टाटा मर्सिडीज ट्रक अजून चालू आहे, टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार १९५४चा, आपला ट्रक त्याच काळातला, नाकावर चांदणी तशीच. ड्रायव्हर साइडच्या आरशाचा पारा कडेने काळा पडत आत सरकला होता. नाना पेठेत आख्खा नवीन आरसा सहज मिळतो पण जुनी पत्र्याची फ्रेम टाकून द्यायची म्हणजे जिवावर येतं हो, म्हणून फक्त काच बदलली.

आधी रबर बीडिंगला साबणाचं पाणी लावून ते हळूच सोडवलं, जुन्या काचेवर पुठ्ठा ठेवून माप काढलं आणि काचवाल्याकडून सपाट आरसा कापून कडा घासून घेतल्या. फ्रेममधला गंज पॉलिश पेपरने काढून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारला. आता महत्त्वाचं, काच चिकटवायला सिलिकॉन न्यूट्रलच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं अजिबात नको, त्यातलं अ‍ॅसिड मागचा पारा खातं!

डावीकडे मात्र फुगीर काच लावायचा विचार आहे, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते खरी, पण पुण्यात डावीकडून घुसणारी टू-व्हीलर दिसणं जास्त गरजेचं.